पहिल्या रकान्यासाठी मुलुंड ते बोरिवली

मुंबईहून परतून बरेच दिवस झाले, तरी स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारतंच, "काय मग, समुद्र बघितला की नाही?" नाही बघितला. खाडी बघितली एकदा, तीही तेलकट. चौपाटी नाही, राणीचा बाग नाही, नटनट्यांचे बंगले तर नाहीच नाही. मी मुलुंडला राहिले, अंधेरीला गेले, मध्ये एकदा माहुलला आणि शेवटी बोरिवलीला. आमच्या अकोल्यातल्या लोकांना ही मुंबई वाटतच नाही. त्यांना वाटतं, मी कुठेतरी दुसरीकडेच जाऊन आले आणि थापा मारते आहे. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच सांगायला नको.

गेले होते प्रबंधासाठी. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, पण अजून कायम झालेले नाही. प्राचार्यांनी तोंडावर सांगितलं होतं, जूनपर्यंत पीएच.डी.चा प्रबंध द्या, नाहीतर तुमच्या जागेची जाहिरात काढावी लागेल. माझा विषय ऐकला की लोक आधी हसतात. दीर्घिकांमधली धूळ. आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, तशा असंख्य आहेत, आणि ताऱ्यांच्या मधल्या जागेत बारीक धूळ पसरलेली असते. ती ताऱ्यांचा उजेड गिळते, थोडी तापते आणि ती ऊब अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. डोळ्यांना ते किरण दिसत नाहीत. इस्त्री लाल झालेली नसते, तरी गालाजवळ नेली की कळतं ना, तसंच. दोनेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका उपग्रहाने ही ऊब मोजली, आणि त्याचे आकडे आमच्यापर्यंतही पोचले. एकेका दीर्घिकेचे चार आकडे. बारा, पंचवीस, साठ आणि शंभर मायक्रॉन, अशा चार तरंगलांबींवर किती ऊब येते त्याचे. म्हणजे कागदावर चार रकाने.

माझे मार्गदर्शक केळुसकर सर. नागपूरहून निवृत्त होऊन ते मुलीकडे बोरिवलीला राहायला गेले. सरांचं एक जुनं सूत्र आहे. त्यात सगळी धूळ एकाच तापमानाची धरायची आणि त्यावरून चारी आकडे काढायचे. साठ आणि शंभरचे आकडे असे काही जुळतात की बघत राहावं. पंचवीसचे ओढूनताणून जुळतात. बाराचे अजिबात नाही. सर म्हणाले होते, "पहिला रकाना सोडून द्यायचा. आपल्याच सूर्यमालेतली धूळ मध्ये येते, ती उपग्रहाने नीट वजा केलेली नाही." आणि सरांची एक पद्धत होती. संगणकातून निघालेला छापील कागद ते स्वतः बघत आणि पटला तर खाली कोपऱ्यात सही करत. सही नसलेला कागद त्यांच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात आजवर गेलेला नाही. तेव्हा माझं काम सोपं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मुंबई गाठायची, सरांच्या जुन्या विद्यार्थ्याने अंधेरीच्या एका कंपनीत मिळवून दिलेल्या वेळात संगणक चालवायचा, कागद बोरिवलीला नेऊन सही घ्यायची आणि परत यायचं.

मुलुंड

माझी मावसबहीण संगीता मुलुंडला राहते. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची कॉलनी आहे. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून डोंगर दिसतो. हा डोंगर मी पुढे रोज शिव्या देत बघितला, कारण सरांचं घर नेमकं त्याच्या पलीकडच्या अंगाला. पाखरू असते तर संगीताच्या खिडकीतून उडून सरांच्या गच्चीवर उतरले असते. माणसाने मात्र अंधेरीपर्यंत खाली जायचं आणि पुन्हा वर चढायचं. इथे सगळ्यालाच वळसा.

संगीता अकोल्याची असून आता निम्मी मुंबईकर झाली आहे. घरात शिरते न शिरते तोच म्हणाली, "ताई, काहून इतकी वाळलीस वं? यार, जेवत नाहीस का?" काहून आणि यार एका दमात. तिच्या घरी रात्री भात असतो. भाकरी मागितली तर म्हणते, "ज्वारी इथली चिकटच येते, नको रडवूस." मी सोबत ठेचा नेला होता म्हणून निभावलं. शेजारी परबकाकू म्हणून मालवणकडच्या आजी आहेत, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी बांगड्याचं तिखलं आणून दिलं. ठेच्याची सवय असलेल्या माझ्या जिभेलाही ते झोंबलं, आणि फार आवडलं.

काकूंना कोणीतरी सांगितलं होतं की ही धुळीचा अभ्यास करते. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "धुळीचो अभ्यास? हयसर धूळ काय कमी आसा?" मी इस्त्रीचं उदाहरण देऊन सगळं समजावलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "माका काय समजणा नाय. पण लग्नाचा काय ता सांग." यावर संगीता इतकी हसली की मला राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी कधी एकदा निघते असं झालं होतं, रात्रभर अंथरुणात नुसती कूस बदलत पडले होते.

अंधेरी

घाटकोपरहून अंधेरीला बस जाते. असल्फ्याच्या पुढे रस्त्याकडेला दगडाच्या खाणी आहेत. तिथली झाडं हिरवी नाहीत, पिठात घोळवल्यासारखी पांढरी. खडी फोडणारी यंत्रं चाललेली, आणि बसच्या खिडकीतून तो भुगा सरळ आत येतो. लोक रुमाल तोंडावर धरतात आणि गप्पा चालूच ठेवतात. माझ्या शेजारची बाई तावातावाने फुलकोबीच्या भावावर बोलत होती, रुमालातून. मी मात्र हातावर बसलेला तो भुगा बघत राहिले. काही कण दिसतील एवढे, आणि काही इतके बारीक की नुसता हात राखाडी दिसतो. माझ्या कार्डांच्या पेटीवर बसायला लागल्यावर मग मी भानावर आले आणि पेटी पदराखाली घेतली.

कार्डांचं सांगायला हवं. संगणकाला जे काम सांगायचं ते जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून सांगतात, एका कार्डावर एक ओळ. मी दोन गठ्ठे नेले होते. एक सरांच्या सूत्राचा. दुसरा माझा, तो सरांना माहीत नव्हता. उन्हाळ्यात नागपूरच्या ग्रंथालयात मी वाचलं होतं की परदेशात कोणी असं सुचवलंय, की धुळीत काही कण फार म्हणजे फारच लहान असावेत. इतके लहान, की प्रकाशाचा एकच कण येऊन आदळला तरी ते क्षणभर फणफणून तापतात आणि लगेच थंड पडतात. मोठ्या कणाला असे किती बसले तरी त्याच्या अंगी लागत नाही, तो आपला कायम थंडगारच. मी सरांना बोलून बघितलं होतं. सर म्हणाले, "फॅशन आहे. जाईल." मी घरी येऊन चिडचिड करत तो गठ्ठा तयार केला. चालवायचा की नाही ते मात्र ठरवलं नव्हतं. चालवला आणि जुळला, तर जून गेला. सगळी गणितं नव्याने, सगळ्या दीर्घिकांची. सातआठ महिन्यांत होणारं कामच नव्हे ते.

कंपनीत संगणकाची खोली थंडगार. दारात चपला काढायच्या. दसरा नुकताच झाला होता, तर यंत्राला हळदकुंकू वाहून वर झेंडूचा हार घातलेला, तो वाळून तसाच होता. आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा करतात, इथे याची. यंत्र चालवणारे सावंत म्हणून होते, पांढरा शर्ट, खिशात कंगवा. "मॅडम, दुपारी जेवणाच्या सुट्टीत मशीन रिकामं असतं, तेव्हा तुमचं टाकतो," म्हणाले. आणि टाकलं. सरांचा गठ्ठा आत गेला, थोड्या वेळाने पलीकडून कागद खडखडत बाहेर यायला लागला. सावंत तो हातात घेऊन माझ्याकडे आले, चेहरा पडलेला.

"मॅडम, वाट लागली. पहिला रकाना बघा. सगळी शून्यं आलीत. एखादं कार्ड उलटं गेलं असणार."

"नाही हो. ते तसंच येतं."

"असं कसं? खाली उपग्रहाचे आकडे छापलेत, तिथे तर शून्य नाही."

"माहिती आहे," मी म्हटलं, आणि आवाज जरा जास्तच चढला. त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. थंड धूळ बारा मायक्रॉनला जवळजवळ काहीच टाकत नाही, यंत्राने प्रामाणिकपणे शून्य छापलं होतं. पण बघणाऱ्याला ती सरळ चूकच वाटत होती, आणि मला तो प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा नव्हता. मी पहिला रकाना काढून टाकणारं कार्ड गठ्ठ्यात घातलं आणि पुन्हा चालवायला सांगितलं. आता जो कागद आला तो झकास होता. तीन रकाने, दीर्घिकेमागून दीर्घिका जुळत गेलेल्या. सावंतही खूश झाले. माझ्या हातात प्रबंध होता, आणि हातापायांना चैन नव्हती.

तेवढ्यात मी म्हटलं, "अजून एक गठ्ठा आहे." का म्हटलं, माहीत नाही. सावंतांनी तो कार्डं वाचायच्या यंत्रात लावला, यंत्राने चारपाच कार्डं ओढली आणि कर्कश्श आवाज करून थांबलं. झेंडूची वाळकी पाकळी वरून आत पडली होती. तिच्यामुळे एक कार्ड आडवं झालं आणि मागची दोन त्याच्यावर चुरगळली. सावंत कंगव्याने पाकळी काढायला बसले. मी म्हटलं, "यंत्राच्या डोक्यावर कोणी हार ठेवतं का?" ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षी नव्हता ठेवला, तेव्हा जास्त बिघडलं." दुरुस्तीवाला उद्या येणार होता. म्हणजे उद्याचा दिवस गेला.

माहुल

रिकामा दिवस मला काढताच येत नाही. सकाळपासून मी संगीताच्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होते. शेवटी तिचे यजमान दिनकरराव म्हणाले, "ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर. माहुलला काम आहे, सुकी मासळी घेऊन येऊ." दिनकरराव चेंबूरला नोकरीला आहेत, त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

माहुल म्हणजे कोळ्यांचं जुनं गाव, पण ते आता तेलाच्या कारखान्यांच्या कुशीत गेलंय. एका बाजूला होड्या, जाळी, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. मागे मोठमोठ्या गोल टाक्या आणि उंच नळीच्या तोंडावर जळणारी ज्योत. वासात मासळी किती आणि तेल किती ते सांगता येत नाही. ओहोटी होती, खाडीचा चिखल लांबपर्यंत उघडा पडलेला, आणि त्यावर तेलाचे रंगीत तवंग. ज्योत मध्येच मंदावायची, नुसती निळसर जीभ दिसायची, आणि एकदम भडकून उठायची. भडकली की भर उन्हात गालाला चटका जाणवायचा. मी तिच्याकडेच बघत उभी राहिले.

दिनकरराव म्हणाले, "काय एवढं बघताय?"

"दिवसभराची सरासरी काढली तर ही ज्योत केवढी येईल हो?"

"मध्यम येईल. का?"

"मग चटका कशाने बसतो?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बोंबलांकडे बघितलं. "ताई, उन्हात फार वेळ उभ्या राहू नका," म्हणाले. बोंबील मात्र त्यांनी निवडून घेतले. एका म्हाताऱ्या कोळणीने वर मूठभर जवळा फुकट टाकला आणि माझ्या कपाळाला हात लावून काहीतरी म्हणाली. तिची बोली मला नीट कळली नाही. दिनकररावांनी सांगितलं, ती म्हणते पोरीला ताप आहे का. ताप नव्हता.

पुन्हा मुलुंड, लाडू

घरी आले तर संगीता फराळाला बसली होती. चकलीचं पीठ, शेवेचा सोऱ्या, सगळी जमीन भरलेली. अकोल्यात आम्ही अनारसे आधी करतो, इथे चकली पहिली. मला काहीतरी काम दे म्हटलं तर म्हणाली, "लाडवाचा रवा भाज. तेवढं जमेल ना?" हे तेवढं जमेल ना मला लागलंच. माझ्या आईच्या हाताखाली मी शेकडो लाडू वळलेत.

कढईत तूप घातलं, डब्यातला जाड रवा ओतला. तो कमी वाटला. फळीवर दुसरी पुडी होती, त्यातला मूठभर वर टाकला आणि हलवायला लागले. डोक्यात सगळं दुसरंच चाललं होतं, जून, शून्यं, पाकळी. थोड्या वेळाने करपट वास आला. बघते तर जाड रवा अजून पांढराच, कच्चा, आणि त्यात काळे ठिपके. पुडी बारीक रव्याची होती. विस्तव कमी केला, हलवलं, पण काळे ठिपके काही परत पांढरे होणार नव्हते.

संगीता धावत आली. "काय केलंस हे? दोन्ही एकत्र कोणी भाजतं का वं?"

मी म्हटलं, "मूठभरच होता."

"मूठभर असू दे नाहीतर चिमूटभर. बारीक करपणारच ना."

वास शेजारी गेला होता. परबकाकू दारात येऊन म्हणाल्या, "धुळीचा माका समजूक नाय, पण रवो करपलो ता समाजला."

आता मला आवडलं असतं असं सांगायला, की कढईत बघून मला शोध लागला. तसं काही नाही. कण लहान असतील तर ते भडकून तापतात हे मला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं, आणि रवा काही ताऱ्यांच्या उजेडात भाजत नाहीत, उपमा पुरती जुळतही नाही. मला जे झालं ते वेगळं होतं. मला राग आला. सगळ्या रव्याला एकच तापमान असतं असं मी कढईपुढे उभी राहून कधीही म्हटलं नसतं. मग कागदावर इतके दिवस काय म्हणत होते? आणि तो करपलेला रवा वेचून फेकला असता तर लाडू कसा झकास झाला असता. तेच तर मी अंधेरीला करून आले होते. मला स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

रवा फेकायला संगीताचा जीव होईना. त्याचेच लाडू वळले. वळून झाल्यावर मी तिला म्हटलं, "यातले थोडे डब्यात भरून दे. सरांना नेते." ती म्हणाली, "वेडी आहेस का? चांगल्या चकल्या ने." मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला गेले. चुरगळलेली कार्डं मी नवी पाडली, सावंतांनी हार काढून खिडकीत ठेवला, अर्थात नमस्कार करून. माझा गठ्ठा गेला. बराच वेळ काहीच आलं नाही, मी व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की पहारेकऱ्याने खुर्ची आणून दिली. मग कागद आला. पहिला रकाना. शून्यं नव्हती. उपग्रहाच्या आकड्यांना ते आकडे तंतोतंत जुळत नव्हते, कुठे कमी, कुठे जास्त, दोन दीर्घिकांत तर भलतेच. पण आकडे होते, आणि हाकेच्या अंतरावर होते. पंचवीसचा रकाना मात्र आता आधीपेक्षा बिघडला होता. म्हणजे सगळंच मोडून नव्याने बांधायला हवं. सावंतांनी कागद बघून विचारलं, "हा चांगला की तो चांगला?" मी म्हटलं, "तो दिसायला चांगला आहे." दोन्ही कागद गुंडाळून मी पिशवीत घातले.

बोरिवली

अंधेरीहून हमरस्त्याने बस बोरिवलीला जाते. पूर्वेला सारखा तो डोंगर, या बाजूने. बोरिवलीला उतरल्यावर हवा जरा मोकळी वाटते, लोक सावकाश चालतात, झाडंही झाडांसारखी हिरवी आहेत. सरांच्या बिल्डिंगच्या मागे जंगलच सुरू होतं. गॅलरीत आकाशकंदील लागले होते.

दार सरांची मुलगी मीनाक्षी हिने उघडलं आणि हळूच म्हणाली, "बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्या डोळ्यालाही मोतीबिंदू आहेच. वाचता काही येत नाही, चिडलेत." सर खुर्चीत बसले होते, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने माझा नुसता आकार दिसत असावा. किती वाळले होते. वर्गात फळ्यापुढे उभे राहिले की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जाणारे सर, आणि आता हाताने चाचपत पाण्याचा पेला शोधत होते.

"उषा ना? ये. कागद आणलास?"

"आणलाय सर."

"मला दिसत नाही. वाच."

मी पिशवीत हात घातला. हाताला आधी लागला तो चांगला कागद. असंच म्हणते. आधी तो काढला खरा. तीन रकाने वाचत गेले, सरांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. एकेका दीर्घिकेला ते मान हलवायचे, नावं त्यांना पाठ होती. संपल्यावर म्हणाले, "झालं. लिहायला घे. जूनच्या आत होतंय तुझं. आण, सही करतो."

इथेच थांबले असते तर जूननंतर मी कायम झाले असते.

मीनाक्षीने चहा आणला आणि माझा डबा उघडून लाडू बशीत ठेवले. सरांनी चाचपून एक उचलला, तोंडात घातला आणि थांबले.

"करपलाय गं."

"हो सर. जाड रव्यात बारीक मिसळला गेला."

"किती?"

"मूठभर."

"बाकीचा?"

"बाकीचा कच्चाच राहिला होता."

सर चावत राहिले. डोळा पट्टीआड, दुसरा गॅलरीच्या उजेडाकडे. त्यांना लाडवापलीकडचं काही कळलं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. पण माझ्याच्याने राहवलं नाही.

"सर, पहिला रकाना वाचू का?"

"कुठला पहिला? तो काढलाय ना?"

"माझ्याकडे दुसरा कागद आहे."

त्यांनी लाडवाचा आणखी एक घास घेतला. मग म्हणाले, "वाच."

मी वाचला. आमच्या सूत्राचं काय येतं, उपग्रहाने काय मोजलं, आणि लहान कण धरले तर काय येतं. पंचवीसचा रकाना कसा बिघडतो तेही वाचलं, काही लपवलं नाही. मध्येच त्यांनी एका दीर्घिकेला थांबवलं. "हिच्यात आपलं शून्य?"

"सगळ्यांत आपलं शून्यच आहे सर."

"आणि उपग्रहाचं सगळ्यांत आहे?"

"सगळ्यांत."

"सगळ्याच ठिकाणी सूर्यमालेची धूळ कशी मध्ये येईल?" हे ते मला विचारत नव्हते. मग म्हणाले, "हा रकाना काढायला तुला सांगितलं कोणी?"

"तुम्ही."

मीनाक्षी आतून दारात येऊन उभी राहिली होती. सरांनी उरलेला लाडू बशीत ठेवला नाही, सगळा खाल्ला. हात पुसले. मग अगदी साध्या आवाजात बोलले, "हे बघ उषा. नोकरी तुझी आहे. मी सगळं आयुष्य त्या सूत्रावर काढलं, पण मी निवृत्त झालोय, मला आता कोणी काढत नाही. पहिल्या कागदावर प्रबंध उभा राहतो. परीक्षक माझ्याच वयाचे असतात, ते काही विचारणार नाहीत. दुसऱ्यावर किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही. मला दिसत नाही, तेव्हा ज्यावर सही पाहिजे तो कागद माझ्या हाताखाली ठेव. कुठला ठेवलास ते मी विचारणार नाही."

मीनाक्षीने पेन आणून त्यांच्या बोटांत दिलं. मी दोन्ही कागद मांडीवर घेऊन बसले. मला आई दिसली, प्राचार्य दिसले, जाहिरात दिसली. खरं सांगते, चांगला कागद मी एकदा उचललासुद्धा. मग खाली ठेवला, दुसरा सरांच्या हाताखाली सरकवला आणि त्यांचं मनगट धरून कोपऱ्याकडे न्यायला लागले. त्यांनी माझा हात बाजूला केला. "सही मला येते," म्हणाले, आणि केली. कोपऱ्यात नाही झाली. वाकडी होत वर चढली आणि थेट पहिल्या रकान्यातून गेली.

निघताना मीनाक्षीने डबा भरून परत दिला. मुंबईतसुद्धा डबा रिकामा पाठवत नाहीत. चकल्या घातल्या होत्या. आतून सर मीनाक्षीला सांगत होते, "ते लाडू कोणाला वाटू नकोस गं, मला लागतील."

सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या दिवशी प्राचार्यांनी जिन्यातच गाठलं. "काय मॅडम, सही झाली का?"

"झाली."

"मग प्रबंध कधी देताय?"

"आत्ता कुठे सुरू केलाय, सर."